जिंकलेला वाद

कॉलेजात मी वादविवाद स्पर्धा जिंकायचो. फुशारकी वाटेल, पण पुढचं सगळं त्यातूनच घडलं, म्हणून ते आधी सांगतो. विदर्भातल्या कॉलेजांमध्ये तेव्हा फिरत्या करंडकांना तोटा नव्हता. कुणाच्या तरी वडिलांच्या स्मरणार्थ ठेवलेला करंडक, बोलायला सात मिनिटं, पाचव्या मिनिटाला पहिली घंटा आणि सातव्याला दुसरी. विषयाच्या बाजूने बोलायचं की विरुद्ध, हे चिठ्ठी उचलून ठरायचं. नव्वदच्या दशकात विषयही बहुतेक एकच असायचा: जागतिकीकरण शाप की वरदान. एका शनिवारी वर्ध्याला मी ते शाप असल्याचं सिद्ध केलं आणि रविवारी अमरावतीला वरदान. दोन्हीकडे पहिला आलो. वर्ध्याला मी आमच्या शेजारच्या, गिरणी बंद पडून घरी बसलेल्या गृहस्थांची गोष्ट सांगितली होती आणि परीक्षकांनी चष्मा काढून डोळे पुसले होते. त्या गृहस्थांशी मी जन्मात दोन वाक्यंसुद्धा बोललो नव्हतो. आई विचारायची, पण तुला स्वतःला काय वाटतं रे? मला तो प्रश्न अडाणी वाटायचा.

२००३ साली मी टेक्सासमधल्या प्लेनोत होतो. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने मला तिथल्या एका क्लायंटकडे पाठवलं होतं. क्लायंट टेलिफोन दुरुस्तीचं काम करणारी कंपनी होती. कुणाची लाइन बिघडली, कुठली गाडी कुठे पाठवायची, हे सगळं ठरवणारी एक जुनी प्रणाली मेनफ्रेमवर, म्हणजे कंपनीच्या जुन्या मोठ्या संगणकावर चालायची. ती ज्या माणसाने वीस वर्षांपूर्वी लिहिली होती, त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि त्याच्या डोक्यातलं सगळं कागदावर उतरवायचं, हे माझं काम. आमच्या धंद्यात याला केटी म्हणतात, नॉलेज ट्रान्सफर. ज्ञान कुठून निघतं ते दिसत असतं. ते कुठे जाणार, हे ज्याचं ज्ञान असतं त्याला सांगितलेलं नसतं. हा फक्त डॉक्युमेंटेशनचा प्रोजेक्ट आहे, असं क्लायंटने आपल्या लोकांना सांगितलं होतं आणि आम्हीही तेच सांगायचं, अशी पुण्याच्या मॅनेजरची सक्त ताकीद होती.

तो माणूस छप्पन्न वर्षांचा होता. उंच, जरा पोक काढून चालणारा, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. आम्ही दोघं-तिघं मराठी पोरं आपापसात त्यांना 'काका' म्हणायचो. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू' असल्यामुळे माझं निभावून जायचं, पण मनात मी त्यांना पहिल्या दिवसापासून अहोजाहोच करत होतो. त्यांनी मला शिकवलं ते मनापासून. आपली प्रणाली कुणीतरी समजून घेतंय, याचाच त्यांना आनंद होता. प्रत्येक गोष्टीला त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. रविवारच्या फाइलवर विश्वास ठेवू नकोस, ती शुक्रवारीच बनलेली असते आणि ताजी असल्याचं सोंग करते. मी हसायचो आणि ते तसंच्या तसं लिहून घ्यायचो.

वाद व्हायचा तो जेवताना. कॅन्टीनच्या भिंतीवर टीव्ही होता आणि त्यावर दिवसभर बातम्या चालू असायच्या. पुढच्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक होती आणि नोकऱ्या परदेशात चालल्यात, हा तेव्हाचा गरम विषय होता. एक निवेदक तर रोज उठून एखाद्या कंपनीचं नाव घ्यायचा आणि एखाद्या नोकरी गेलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर उभं करायचा. काका घरून आणलेलं सँडविच खायचे, मी डब्यातली पोळी-भाजी. त्यांना टीव्हीवाले आवडायचे नाहीत. सगळे एका बाजूचे आहेत, म्हणायचे. येता-जाता ते पिकअपमध्ये रेडिओवरच्या गप्पा ऐकायचे आणि तेवढंच खरं मानायचे. पण व्यापाराच्या बाबतीत त्यांचं रेडिओशीही पटायचं नाही. त्यांची आई पश्चिम टेक्सासमधल्या एका लहान गावात जीन्स शिवायच्या कारखान्यात होती. मेक्सिकोबरोबरचा खुल्या व्यापाराचा करार झाला आणि दोनेक वर्षांत कारखान्याला कुलूप लागलं. करार व्हायच्या आधी झाडून सगळ्या पेपरांनी लिहिलं होतं की यात सगळ्यांचं भलं आहे. काकांचं म्हणणं असं की संपादकाची नोकरी बोटीत घालून कुठे पाठवता येत नाही, म्हणून त्याला हे सुचतं.

मुद्दा चांगला होता. वर्ध्याला असता तर मी तोच वापरला असता. पण इथे चिठ्ठी उचलायची सोय नव्हती, काकांनी शाप आधीच घेतला होता, म्हणून मी वरदान घेतलं. खरंच एवढंच होतं ते. मी प्लेनोच्या ग्रंथालयातून अर्थशास्त्राची मासिकं आणून वाचायला लागलो. शनिवारी सकाळी बायको धुण्याच्या मशीनशी झगडत असायची आणि मी आयातकरावर टिपणं काढत बसायचो. सोमवारी मी नवा मुद्दा घेऊन जायचो आणि काका मंगळवारी त्याचं उत्तर घेऊन यायचे. मग आजूबाजूच्या टेबलांवरचे लोकही खुर्च्या वळवून ऐकायला लागले.

माझा हुकमाचा एक्का टीव्हीबद्दलचाच होता. मी काकांना म्हणालो, आमच्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, पण भात एका भांड्यातला असेल तरच ते चालतं. हा निवेदक रोज एक शीत उचलतो आणि देशाचा भात करपला म्हणून सांगतो. यालाच पक्षपात म्हणतात. मग मी ते वाक्य टाकलं. आदल्या रात्री आरशासमोर म्हणून पाहिलेलं होतं. "ज्याचं गेलं, तो कॅमेऱ्यासमोर उभा राहू शकतो. ज्याचं वाचलं, त्याला आपलं काही वाचलंय हेच माहीत नसतं. त्याला टीव्हीवर कोण बोलावणार?"

काका खाता खाता थांबले. मग म्हणाले, हे त्यांना आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मला अमरावतीचं सभागृह आठवलं.

ऑक्टोबरमध्ये काकांना दुसरीकडून नोकरी चालून आली. तिथल्या शाळांचं जे जिल्हा कार्यालय असतं, त्यांना मुलांच्या बसगाड्यांचं वेळापत्रक बसवणारा माणूस हवा होता. पगार आत्ताच्यापेक्षा बराच कमी, पण सरकारी नोकरी आणि विमा पक्का. त्यांच्या घरी विम्याला फार महत्त्व होतं. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या हिशेबाने काकूंना, संधिवात होता. साधी सांधेदुखी नव्हे, बोटं वाकडी करणारा. दर दोन आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनवर त्यांचे हात चालत होते आणि ते इंजेक्शन विम्याशिवाय परवडणारं नव्हतं. काकू रोज संध्याकाळी त्या निवेदकाचा कार्यक्रम बघायच्या आणि काकांना म्हणायच्या, हे तुमच्याकडे येणार, ती शाळेची नोकरी घ्या. शाळेला शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

हे सगळं काकांनी मला गुरुवारी जेवताना सांगितलं. सांगून झाल्यावर डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "बायको म्हणते, टीव्हीवर दिसतंय ते इथे येतंय. मी म्हणतो, तू म्हणतोस तसं ते शीत आहे. चल, तिच्या बाजूने मी बोलतो. मला खोडून काढ."

मला माहीत होतं. हे सरळ सांगतो, कारण गेली अनेक वर्षं मी स्वतःशी ते बोलताना इकडेतिकडे वळतो. माझ्या लॅपटॉपमध्ये एक तक्ता होता. त्यात कामं कोणत्या महिन्यात पुण्याला जाणार ते लिहिलं होतं आणि काकांच्या कामासमोर फेब्रुवारी होता. तो तक्ता मी स्वतःच भरत होतो. सकाळीच भरून आलो होतो.

गप्प बसायची कारणं माझ्याकडे होती. माझा व्हिसा कंपनीच्या हातात होता, मुदतवाढीचे कागद मॅनेजरच्या टेबलावर पडले होते आणि बायकोला पाचवा महिना होता. ही कारणं खोटी नाहीत. पण त्यांनी फार तर मला गप्प बसवलं असतं. पोट बिघडलंय म्हणून उठून जाता आलं असतं. मला तुमच्या घरच्या निर्णयात बोलायचं नाही, एवढं तरी म्हणता आलं असतं. मी तसं काही केलं नाही. समोर एक तयार प्रतिस्पर्धी होता, बाजूच्या टेबलांवर श्रोते होते आणि माझ्याकडे दोन महिन्यांची टिपणं होती. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा तो मामला नव्हता. मी मुद्देसूद, शांतपणे, चाळीस मिनिटं बोललो.

मी म्हणालो, टीव्हीला भीती विकायची असते. म्हणालो, जी कामं जातात ती सोपी, सरधोपट असतात. वीस वर्षांचा अनुभव बोटीत घालता येत नाही. म्हणालो, ज्या कंपन्या बाहेर काम पाठवतात त्या वाढतात आणि त्यांना जुनी माणसं जास्तच लागतात. काका मध्ये मध्ये काकूंच्या बाजूने बोलत होते, पण त्यांचं मन त्यात नव्हतं. त्यांना हरायचंच होतं. नोकरीत राहायचं होतं आणि त्यासाठी त्यांना कुणीतरी हरवायला हवं होतं. ते मला दिसत होतं. शेवटी त्यांनी दोन्ही हात वर केले, हसले आणि म्हणाले, वकीलसाहेब, तुम्ही जिंकलात.

दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये त्यांनी मला थांबवून सांगितलं की शाळेला नाही म्हणून कळवून टाकलंय. बायको जरा रुसली आहे, पण होईल ठीक. मी म्हणालो, चांगला निर्णय घेतलात. हेही मी म्हणालो.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी आम्हा बाहेरच्या लोकांना सकाळी अकरानंतर यायला सांगण्यात आलं. कारण कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मी त्या दिवशी घरी दुसऱ्यांदा चहा घेतला. अकराला पोचलो तेव्हा आमच्या मजल्यावरच्या नऊ जागा रिकाम्या होत्या. काकांच्या टेबलावर धूळ नसलेला चौकोन राहिला होता, त्यांच्या मुलीच्या फोटोचा. स्क्रीनला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर घरचा फोन नंबर होता आणि खाली लिहिलं होतं, वाद संपलेला नाही. चिठ्ठी माझ्यासाठी होती. मी ती पाकिटात ठेवली आणि फोन केला नाही.

त्यानंतर काही आठवडे मला काकांच्याच जागेवर बसवलं, कारण पुण्याशी बोलायचा कॉन्फरन्स फोन तिथे होता. त्या कीबोर्डवरची काही अक्षरं त्यांच्या बोटांनी पुसली गेली होती. सकाळी साडेसातला, म्हणजे पुण्याच्या संध्याकाळी, आमची उलटी केटी चालायची. पुण्याच्या मुलांनी शिकलेलं मला समजावून सांगायचं आणि मी बरोबर-चूक म्हणायचं. एक मुलगी होती, नुकतीच कॉलेजातून आलेली, फार हुशार. ती एके दिवशी फोनवर घडाघडा म्हणाली, सर, रविवारच्या फाइलवर विश्वास ठेवायचा नाही, ती शुक्रवारीच बनते आणि ताजी असल्याचं सोंग करते. मी लिहून पाठवलेलं तिने पाठ केलं होतं. नेहमीचं 'बरोबर' म्हणायचं मी विसरलो. ती घाबरून म्हणाली, "सर, काही राँग झालं का?" मी म्हणालो, नाही, अगदी बरोबर आहे.

आणखी एक गोष्ट होती. माझ्याच कागदपत्रांत, अडचण आली तर कुणाला विचारायचं, या रकान्यात काकांचा ऑफिसचा नंबर राहून गेला होता. तो फोन कुणी बंद केला नव्हता. पुण्याची मुलं कधी कधी चुकून तिथे लावायची. मग माझ्या हाताशी तो वाजायचा, मी उचलायचो नाही आणि चार वेळा वाजून झाल्यावर आन्सरिंग मशीनवर काकांचा आवाज सुरू व्हायचा. मी आत्ता जागेवर नाही, निरोप ठेवा, मी नक्की उलट फोन करीन. स्पीकरवर तो आवाज सगळ्या मजल्यावर जायचा. मी तक्रार करून तो नंबर रद्द करून घेऊ शकलो असतो, एका मेलचं काम होतं. मला ते जमलं नाही. आवाज ऐकायची भीती वाटायची, आणि तो बंद करण्याची त्याहून जास्त.

घरी मुलगी झाली. दिवस भराभर जायला हवे होते. पण हायवेवर एकटा गाडी चालवत असलो की वाद सुरू व्हायचा. मी काकूंच्या बाजूने बोलायचो, मग माझ्या बाजूने, पुन्हा काकूंच्या. प्रत्येक वेळी मीच जिंकायचो. कधी कधी ऑफिसचा एक्झिट मागे पडून गाडी पार पुढच्या गावात गेलेली असायची. बायकोला मी यातलं काही सांगितलं नाही. तिने एकदा विचारलं की तुमचे ते काका कसे आहेत, तेव्हा म्हणालो, रिटायर झाले.

सप्टेंबरमध्ये एका मित्राकडे शनिवारचं जेवण होतं. पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे मिळून दहाबारा जण, बायका-मुलं वेगळी. पावभाजीचा बेत होता. टीव्हीवर स्थानिक बातम्या चालू होत्या आणि आमची नेहमीची तक्रार चालू होती की इथला मीडिया आपल्या मागे हात धुऊन लागलाय. एक जण म्हणाला, "यार, रोज आपल्याला चोर म्हणतात. कधी बॅलन्स्ड बातमी दाखवली का एक तरी?" तेवढ्यात नोकऱ्या गेलेल्या लोकांवरची बातमी लागली आणि पडद्यावर काका आले.

ते एका हार्डवेअरच्या दुकानाबाहेर उभे होते. अंगात दुकानाचा ॲप्रन होता. वाळले होते. बातमीदार बाईने विचारलं की तुमचं काम भारतात गेलं, तुम्हाला राग येत नाही का? तिला राग हवा होता, हे तिने पुढे केलेल्या माइकवरून दिसत होतं. काका जरा विचार करून म्हणाले, "माझा एक मित्र मला सांगायचा. ज्याचं गेलं तो कॅमेऱ्यासमोर उभा राहू शकतो. ज्याचं वाचलं त्याला आपलं काही वाचलंय हेच माहीत नसतं. तेव्हा माझ्याकडे बघून ठरवू नका."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हा माणूस समजूतदार आहे, ह्याला म्हणतात सेन्सिबल अमेरिकन, असं सगळे एकदम बोलायला लागले. यजमान म्हणाला, ह्याचा मित्र कोण असेल तो असेल, त्याला भेटलं पाहिजे यार. माझ्या हातात पावाचा तुकडा होता. तो मला ना खाता येईना ना ठेवता येईना. मी सिंकपाशी जाऊन उगीच हात धूत राहिलो. मला शिव्या हव्या होत्या. त्यांनी पडद्यावरून मला, माझ्या कंपनीला, माझ्या देशाला शिव्या घातल्या असत्या तर मी त्या दिवशी शांत झोपलो असतो.

सोमवारी मी पाकिटातली चिठ्ठी काढून फोन लावला. काकांना इतका आनंद झाला की मी नुसता हो-हो म्हणत राहिलो. त्यांनी शनिवारी जेवायलाच बोलावलं. आपण सगळं सांगायचं, असं ठरवून मी निघालो. काय शब्द वापरायचे तेही ठरवलं होतं, सवयच ती.

त्यांचं घर प्लेनोच्या उत्तरेला, चाळीस मैलांवरच्या एका लहान गावात होतं. पूर्वीचं घर त्यांनी विकलं होतं. हे त्यांच्या बहिणीचं होतं आणि ती दोन खोल्या सोडून बाकीचं यांना वापरू देत होती. काकूंना मी पहिल्यांदाच बघत होतो. लहानखुऱ्या, केस आखूड कापलेले. त्यांनी शेकहँडसाठी हात पुढे केला आणि मी तो धरायला गेलो तर लगेच मागे घेतला. दुखतात जरा, म्हणाल्या. बोटं बाहेरच्या बाजूला कलली होती. ते इंजेक्शन मार्चपासून बंद होतं. हे मला काकांनी सांगितलं, हवापाण्याबद्दल सांगावं तसं. दुकानात अर्धवेळ कामाला विमा नव्हता, पण पुढच्या वर्षी पूर्णवेळ करतील, असं म्हणालेत.

मी सांगायला तोंड उघडलं, पण काकांनी आधीच वाद काढला. त्यांना त्याचीच भूक लागली होती. मला वाटलं, ठीक आहे, यातूनच सांगू. मी बाजू बदलली. म्हणालो, मी चुकत होतो. टीव्हीवरची माणसं खरी आहेत. ज्यांचं जातं त्यांचं इतकं जातं की बाकीच्यांच्या स्वस्त शर्टांनी ते भरून येत नाही. मी तेव्हा तुम्हाला पुस्तकातलं सांगत होतो.

काकांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. ते हसून सरसावून बसले. शितावरून भाताची परीक्षा, त्यांनी मलाच ऐकवलं, माझ्याच क्रमाने. माझे सगळे मुद्दे त्यांच्याकडे जपून ठेवलेले होते, एकही गहाळ झाला नव्हता. मी शेजारच्या गिरणीवाल्या गृहस्थांची गोष्ट सांगितली आणि या वेळी ती सांगताना माझा आवाज खरोखर अडखळला. काका म्हणाले, एका माणसाची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, तूच म्हणाला होतास. मी त्यांच्या आईचा कारखाना काढला. त्यांनी त्याचंही उत्तर दिलं. हार्डवेअरच्या दुकानात दिवसभर खिळे मोजून देताना हे सगळं त्यांनी मनात घोटलेलं असणार. मी जीव तोडून बोलत होतो आणि हरत होतो. आयुष्यात पहिल्यांदा जे वाटत होतं ते बोलत होतो आणि ते बोलणं अगदीच पडेल होत होतं. काकू समोर बसून सूप पीत होत्या, चमचा मुठीत धरून.

जेवण झाल्यावर काका म्हणाले, इमारतभर माझ्याशी खरं बोलणारा तू एकटा होतास, हे मी हिला नेहमी सांगतो. मग ते परसातले पीच, त्यांनीच बाटल्यांत भरून ठेवलेले, मला द्यायला म्हणून गॅरेजमध्ये गेले.

स्वयंपाकघरात आम्ही दोघंच राहिलो. मी ताटल्या उचलायला लागलो, तर काकू म्हणाल्या, राहू दे, बस. मग टेबलावर दोन्ही हात समोरासमोर ठेवून, माझ्याकडे सरळ बघत त्यांनी विचारलं, "ते शाळेला नाही म्हणाले, तेव्हा तुला माहीत होतं?"

शेजारी गॅरेजमध्ये बाटल्या हलवल्याचा आवाज येत होता. मी ज्यासाठी आलो होतो ते एका शब्दाचं उत्तर होतं. त्यात कुठली बाजू घ्यायची, कोण ऐकतंय, असं काही नव्हतं. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. त्यांना फक्त माहिती हवी होती.

"नाही," मी म्हणालो.

मग त्यांचे खांदे खाली आले आणि डोळे भरले. म्हणाल्या, "देवा. वर्षभर मी तुला मनातल्या मनात शिव्या देत होते. यांना कधी बोलले नाही, पण रोज देत होते. मला माफ कर." आणि दुखत असतानाही त्यांनी आपला हात माझ्या हातावर ठेवला.

मी म्हणालो, असू दे, अशा वेळी माणसाच्या मनात काहीही येतं. मी त्यांना माफ केलं.